जंताचं औषध देऊनही दर हिवाळ्यात मेंढरं पांढरी पडतात? आमच्या वाड्यावर काय चुकत होतं ते सविस्तर

ज्यांची घरची मेंढरं घाटावर आहेत आणि स्वतः मुंबईत नोकरीला आहेत अशांसाठी हे लिहितोय, कारण आपल्याला अडचण कळते ती फोनवर, ती पण अर्धीच, आणि इकडून आपण काय सांगणार तर "जंताचं औषध दे". मी पण पाच-सहा वर्षं हेच सांगत होतो. घाटकोपरला राहतो, आबा आणि थोरला दादा वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, घेऊन फिरतात, गाव पारनेर तालुक्यात. पावसाळ्याचे चार महिने गावच्या माळावर आणि डोंगर उतारावर, दिवाळी झाली की ओतूरवरून माळशेज उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याणच्या पट्ट्यात, भात काढलेल्या खाचरांतून, आणि वळवाचा पाऊस पडायच्या आत परत वर.

अडचण दरवर्षी तीच. सप्टेंबरात कोकरं मरायची, मग सगळ्या कळपाला औषध पाजायचं, थोडं बरं वाटायचं, परत तीन-चार आठवड्यांत तेच. घाट उतरायच्या आधी परत एकदा सगळ्यांना डोस. आणि जानेवारी संपता संपता दादाचा फोन, "अरे परत जबड्याखाली पाणी उतरलंय, डोळे पांढरे फटक पडलेत, औषध देऊन पंधरा दिवस पण नाही झाले." मग दुसरी बाटली, दुसरी कंपनी. एका वर्षी नऊ मेंढ्या गेल्या, त्यातल्या सहा गाभण होत्या. आबांनी त्या वर्षी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं.

आता गेली तीन वर्षं हे बरंच आटोक्यात आहे, आणि औषधाचा खर्च उलट कमी झालाय. काय सापडलं ते ज्या क्रमानं सापडलं तसंच सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या वाड्यावर ताडून बघता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. डोळा पांढरा, म्हणजे पापणीच्या आतली लाली गेलेली, आणि जबड्याखाली पाणी म्हणजे "जंत झालेत" एवढंच कळतं, कुठले झालेत ते कळत नाही. पोटातला रक्त पिणारा गोल जंत असला तरी हेच दिसतं आणि काळजातला, म्हणजे लिव्हरमधला, चपटा जंत असला तरी हेच दिसतं, आणि दोघांचं औषध वेगळं, दोघांची जागा वेगळी, दोघांचा महिना पण वेगळा. आमची सगळी चूक इथंच होती. सप्टेंबरचा आजार एक होता आणि जानेवारीचा दुसरा, तोंडावळा मात्र एकच, म्हणून आम्ही दोन्हीला एकच औषध पाजत बसलो.

सप्टेंबरचा आधी घेऊ. मेलेलं कोकरू पुरायच्या आधी पोट उघडून बघा. वाईट वाटतं पण बघा, कारण दहा प्रश्नांची उत्तरं तिथं मिळतात. मी गावी असताना आबांनी एक उघडलं, चौथं पोट, म्हणजे आत घड्या घड्या असतात ते, चिरून परातीत पालथं केलं, आणि आत जे होतं ते मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. केसाएवढे बारीक, बोटाच्या एका पेराएवढे लांब, आणि लाल-पांढरा पीळ दिलेला, करदोड्याला असतो तसा. ते हलत होते. पांढरं असतं ते त्या मादीचं अंड्यांचं नळकांडं आणि लाल ते कोकराचं रक्त. याला हिमॉन्कस म्हणतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त खातो, हे ऐकायला काहीच नाही, पण पोटात ५००० असले की दिवसाला पाव लिटर झालं, आणि १२-१५ किलोच्या कोकरात मुळात रक्त असतं किती. म्हणून चांगलं चरणारं कोकरू दोन दिवसांत बसतं. आणि लक्षात ठेवा, या जंतानं सहसा हगवण लागत नाही. लेंडी घट्ट असते. शेपूट घाण नाही म्हणून जंत नाहीत असं समजू नका, आम्ही समजायचो.

एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंडीतून पडतात, पावसाळी हवेत चार दिवस ते आठवडाभरात त्यांची अळी होते, ती ओल्या गवतावर चढते, मेंढरू ते खातं, आणि साधारण तीन आठवड्यांत ती परत अंडी घालायला तयार.

हे तीन आठवडे फार महत्त्वाचे आहेत, कारण त्यावरून औषध फेल गेलं की नवीन जंत आले ते कळतं. औषध पाजल्यावर १०-१४ दिवसांत लेंडीत परत भरपूर अंडी दिसत असतील तर जुने जंत मेलेच नाहीत, म्हणजे औषध लागू पडलं नाही किंवा डोस कमी पडला. चार-पाच आठवड्यांनी दिसली तर औषधानं काम केलं होतं, रानातून नवीन घेतले. दोन्हीवर उपाय वेगळा. फोनवर "परत झालं" एवढंच ऐकून हे कळत नाही, तारीख लिहिलेली पाहिजे. दादा आता पंचांगाच्या कॅलेंडरवरच लिहितो, औषधाचं नाव, किती मिलि, किती जनावरांना.

मग लेंडी तपासा. यात काही अवघड नाही. ताजी लेंडी पाहिजे, शक्यतो मेंढराच्या गुदद्वारातूनच काढलेली, निदान पडल्या पडल्या उचललेली, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, नंबर टाकायचा आणि बर्फाच्या डब्यात ठेवायची, पण गोठवायची नाही. गरम राहिली तर एका दिवसात अंडी फुटतात आणि मोजायला काही उरत नाही. मी मुरबाडवरून पहाटेच्या एसटीनं कल्याणला येऊन लोकलनं परळला नमुने घेऊन गेलोय, मुलांच्या डब्याच्या कूलर बॅगमध्ये, खाली बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये वर्तमानपत्र. मुंबईत असल्याचा हा एक फायदा आहे आपल्याला. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, तिथं परजीवीशास्त्राचा विभागच आहे, आणि घाटावर असाल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा बघा, मोठी औंधला पुण्यात आहे. जायच्या आधी फोन करून विचारा कधी आणि कसे नमुने आणायचे ते. मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कालवून काचपट्टीवर अंडी मोजतात, एका ग्रॅमला किती ते काढतात. मला ओळखीच्या एका डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं, लंबगोल, आत द्राक्षाच्या घडासारखं. त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "औषध दिल्यानंतरची लेंडी कुठाय?" ती आम्ही कधी तपासलीच नव्हती.

पुढच्या खेपेला रीतसर केलं. १०-१२ कोकरांना रंगानं खूण केली, औषधाच्या दिवशी लेंडी घेतली, आणि १४ दिवसांनी त्याच कोकरांची परत घेतली. हिशोब साधा आहे, समजा आधी सरासरी १००० अंडी होती आणि नंतर ४००, म्हणजे घट ६० टक्के. चांगल्या औषधानं ९५ टक्क्यांच्या वर घट व्हायला पाहिजे. आमची निम्मी पण झाली नाही. कितव्या दिवशी परत घ्यायची ते औषधावर असतं, लेव्हामिसोल असेल तर आठवड्याभरात, अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलला १०-१४ दिवस, आयव्हरमेक्टिनला १४-१७.

आता औषध का लागू पडत नव्हतं. याला दोन कारणं निघाली आणि दुसरं पहिल्यातूनच आलेलं.

पहिलं म्हणजे डोस. आबा सगळ्यांना ५ मिलि पाजायचे, कारण बाटलीच्या झाकणात तेवढं मावतं. अल्बेंडाझोलचं २.५ टक्के औषध म्हणजे एका मिलित २५ मिलिग्रॅम. लेबलवर किलोला ७.५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ३० किलोच्या मेंढीला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलि लागतं. आम्ही जवळजवळ निम्मं देत होतो, वर्षानुवर्षं. अर्ध्या डोसनं नाजूक जंत मरतात, दणकट राहतात, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. बाटली नीट हलवली नाही तर औषध तळाशी बसतं, पहिल्या वीस मेंढरांना पाणी आणि शेवटच्या वीसांना सगळं जाड औषध. पाजताना जिभेच्या मुळावर, मागं सोडायचं, तोंडात पुढं सोडलं तर काही औषध मोठ्या पोटात न जाता थेट पुढं निघून जातं आणि फुकट जातं. आता आम्ही टांगायचा काटा घेतलाय, लोकर कातरताना वजन होतंच, लहान-मध्यम-मोठी असे तीन गट आणि प्रत्येक गटातल्या सगळ्यात जड जनावराच्या वजनानं त्या गटाचा डोस. लेव्हामिसोल आणि क्लोसँटेल यांत मात्र अंदाजानं जास्त अजिबात जाऊ नका. क्लोसँटेल जास्त झालं तर मेंढरू कायमचं आंधळं होतं. आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात नको.

कळपात शेळ्या असतात सगळ्यांच्याच, दुधाला. शेळीच्या अंगातून हे औषध लवकर निघून जातं, मेंढीचा डोस तिला पुरत नाही, तिला किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारून घ्या. मेंढीच्याच मापानं पाजत राहिलात तर न मरणारे जंत शेळीतच तयार होतात आणि त्याच रानात मेंढरांना लागतात. आमच्याकडे अकरा शेळ्या होत्या आणि हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसरं कारण, जंतांना औषधाची सवय. हे काही आजचं नाही. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्ये मेंढ्यांतल्या हिमॉन्कसवर ते चालत नसल्याची नोंद झाली, तीनच वर्षांत. आम्ही म्हणायचो की आम्ही औषध बदलतो. पण अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल हे सगळे एकाच घरातले भाऊ, एकाला सवय झाली की सगळ्यांना. बाटलीचा रंग बदलला, औषध बदललं नाही. आमच्या भागातल्या एका दुकानदारानं तीन वर्षं अशीच नवनवीन नावं दिली आणि प्रत्येक वेळी "हे एकदम नवीन आहे" म्हणून दिली, मला त्याचा अजून राग आहे, कारण त्या विश्वासावर आबांनी उधारीवर औषध घेतलेलं. बाटली घेताना कंपनीचं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा, नाहीतर मला दाखवा असं घरच्यांना सांगा. मेंढरांत सहसा वापरतात ते गट असे धरा: एक वरचा अल्बेंडाझोलचा, एक लेव्हामिसोल, एक आयव्हरमेक्टिन-डोरामेक्टिनचा, आणि एक क्लोसँटेल-राफॉक्सानाइडचा, यातला शेवटचा गोल जंतांपैकी रक्त पिणाऱ्यांवरच चालतो.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यावर घरात सगळ्यात जास्त भांडण झालं. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजून लगेच स्वच्छ रानात नेणं. ऐकायला किती बरोबर वाटतं. आबा तर अभिमानानं सांगायचे. पण विचार करा, डोस दिल्यावर पोटात उरले ते फक्त औषधाला न मरणारे जंत, आणि तुम्ही त्यांना घेऊन अशा रानात गेलात जिथं दुसरे जंतच नाहीत. म्हणजे त्या रानात आता सगळं बियाणं तसलंच पेरलं जाणार. साधे, औषधाला मरणारे जंत थोडे राहू देणं गरजेचं आहे, ते या दणकट जंतांत मिसळतात आणि औषध जास्त वर्षं चालतं.

हे आबांना पटवायला मला दोन वर्षं लागली. शेवटी पटलं ते त्यांच्याच डोळ्यानं. कळपातल्या सगळ्यांच्या पोटात सारखे जंत नसतात, थोड्याच मेंढरांत बहुतेक जंत असतात, साधारण वीस-तीस टक्के जनावरांत ऐंशी टक्के जंत असं धरतात. आबांना कुठली मेंढी दरवर्षी पडते आणि कुठली कधीच पडत नाही हे नावानिशी माहीत होतं. मग मी एवढंच विचारलं, की जी कधी पडत नाही तिला औषध कशाला पाजता?

म्हणून आता डोळा बघून औषध. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यांनी डोळ्याच्या रंगाचा तक्ता काढला, फामाचा म्हणतात त्याला, १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे कागदासारखा पांढरा. वरची पापणी अंगठ्यानं मिटवून डोळा हलका आत दाबायचा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची, की आतली त्वचा क्षणभर वर येते, तिचा रंग बघायचा, चटकन, कारण धरून ठेवलं तर ती आपोआप लाल होते. ४ आणि ५ ला औषध. ३ असेल तर मोठ्या धडधाकट मेंढीला सोडा, कोकराला आणि गाभण किंवा नुकत्या व्यायलेल्या मेंढीला द्या. १ आणि २ ला काही नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, सप्टेंबरात तर दर आठवड्याला. आणि शंभरात दहापेक्षा जास्त ४-५ निघाले तर मग ३ वाल्यांना पण द्या, रानात जंत वाढलेत असं समजा.

मुंबईवाल्यांनो, एक कळकळीचं सांगणं, फोटोवरून रंग ठरवू नका. दादा रात्री बॅटरीच्या उजेडात फोटो पाठवायचा आणि मी ऑफिसमध्ये बसून "लाल दिसतंय की" म्हणायचो. त्यातल्या दोन मेंढ्या त्याच आठवड्यात गेल्या. बॅटरीचा उजेड, मोबाईलचा कॅमेरा, सगळं रंग बदलतं. उन्हात, उघड्यावर, तक्ता शेजारी धरून, ज्याच्या हातात मेंढरू आहे त्यानंच ठरवायचं. डोळ्याबरोबर जबडा, पाठीवरचं मांस, शेपटीची घाण आणि नाकही बघा. नाकातून शेंबूड आणि शिंका असतील तर ती नाकातल्या अळ्यांची गोष्ट आहे, ती वेगळी.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही तिसऱ्या हिश्शाहून कमी मेंढरांना औषध पाजलं. आबा रोज संध्याकाळी परत मोजायचे, काही कमी तर झालं नाही ना. जी चार-पाच मेंढरं दर वेळी ४-५ मध्ये येत राहिली त्यांना खूण करून दिवाळीत विकली, त्यांची कोकरं पण ठेवली नाहीत. जी मेंढी औषधाविना लाल राहते तिचाच नर ठेवायचा. जंतांशी टक्कर द्यायची ताकद रक्तात असते हे फलटणच्या निंबकर संस्थेच्या कामात पण आहे, बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी, दलदलीत राहणारी, हिमॉन्कसला आपल्या दख्खनीपेक्षा चांगली तोंड देते.

व्यायच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दीड-दोन महिने मेंढीची ताकद कमी होते आणि तिच्या लेंडीतून अंडी वाढतात, नेमकं तेव्हाच कोकरू शेजारी चरायला शिकत असतं. त्यामुळे औषधापेक्षा त्या मेंढीच्या पोटात काय जातंय ते बघा. शेंगदाण्याची पेंड, बाभळीच्या शेंगा, जे परवडेल ते. हे आबा आधीपासून करायचे, आणि ज्या वर्षी पैसे नव्हते म्हणून पेंड दिली नाही त्याच वर्षी जास्त मेली.

इथपर्यंत सप्टेंबरचा प्रश्न सुटला. पण जानेवारीचा फोन आलाच.

मला तेव्हा खूप निराश वाटलं होतं, कारण मेहनत करून हिमॉन्कस आटोक्यात आणला होता, लेंडीत अंडी जवळजवळ नव्हती, तरी डोळे पांढरे. तेव्हा मॅडमनी विचारलं की मेंढरं आत्ता चरतात कुठे. भाताच्या खाचरात, बांधावर, ओहोळाच्या कडेला, कारण डिसेंबरनंतर हिरवं तिथंच असतं. त्या म्हणाल्या पुढचं जनावर मेलं की काळीज बघा.

पुढच्या रविवारी मी टोकावड्याच्या पुढं वाड्यावर होतो. पहाटे एक मेंढी, रात्री मेंढरं कोंडतो त्या जाळीत, मेलेली, संध्याकाळी चांगली चरलेली. काळीज बाहेर काढलं तर सुजलेलं, वर रक्ताचे ठिपके आणि सापाच्या वाटेसारख्या बारीक बारीक रेघा. आबांनी सुरीनं कापून दाबलं तशी आतून रक्तासोबत पानाच्या आकाराची पिवळट-करडी बारीक पिल्लं निघाली. कलेजी विकणाऱ्या कुठल्याही मटणवाल्याला विचारा, त्याला हे मोठे झालेले माहीत असतात. चपटे जंत, लिव्हर फ्लूक.

याचं सगळं चक्र पाण्यातल्या गोगलगायीतून फिरतं. गाई-म्हशी-मेंढ्यांच्या शेणातून अंडी पाण्यात जातात, तिथं फुटतात, गोगलगायीत शिरून एकाचे शेकडो होतात, मग बाहेर पडून पाण्याच्या कडेच्या गवताला, भाताच्या खुंटांना चिकटून बसतात. भाताचं पाणी ओसरलं तरी ओल्या जागी ते टिकून राहतात, आणि नेमके तेव्हाच आपण खाली उतरतो. आपल्याकडच्या फ्लूकला पोटात गेल्यापासून अंडी घालायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे नोव्हेंबरात खाल्लेला जंत जानेवारीत काळीज पोखरत असतो, मेंढरू मरतं, आणि लेंडी मात्र निल येते, कारण अंडी अजून घातलीच नाहीत. शिवाय मोठं झाल्यावरही याचं अंडं जड असतं, मिठाच्या पाण्यात तरंगत नाही, त्याला पाण्यात तळाशी बसवून बघायची वेगळी तपासणी लागते आणि ती मुद्दाम सांगावी लागते. म्हणून "लेंडी तपासली, काही नाही" यावर फ्लूकच्या बाबतीत विसंबू नका.

आणि औषध. आयव्हरमेक्टिन फ्लूकवर अजिबात चालत नाही. अल्बेंडाझोल जास्त डोसनं फक्त मोठ्या झालेल्या फ्लूकवर चालतं. ऑक्सिक्लोझानाइड सगळीकडे मिळतं आणि "लिव्हरचं औषध" म्हणून देतात, पण ते पण मोठ्यांनाच मारतं, जानेवारीत काळजात फिरणाऱ्या पिल्लांना नाही. पिल्लांवर चालतं ते ट्रायक्लाबेंडाझोल, आणि ते गोल जंतांवर चालत नाही. आम्ही पाच वर्षं जानेवारीत अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन पाजत होतो. म्हणजे ज्यावर चालत नाही त्याला पाजलं, आणि पोटात जे थोडे गोल जंत होते त्यांना मात्र त्या औषधाची सवय लावून ठेवली.

आता आम्ही काय करतो. खाली उतरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून, जी मेंढरं ओल्या खाचरात चरलीत त्यांना ट्रायक्लाबेंडाझोल, वजन करून. मग एप्रिलमध्ये परत वर जायच्या आधी पाण्यात बसवून लेंडी तपासायची आणि लागलं तरच मोठ्या फ्लूकचं औषध. हे सुद्धा जपूनच, कारण जगात बऱ्याच ठिकाणी फ्लूकला ट्रायक्लाबेंडाझोलची पण सवय झालीय आणि ते गेलं तर आपल्याकडे अगदी लहान पिल्लांवर तेवढं खात्रीचं दुसरं काही नाही.

पण औषधापेक्षा जास्त फरक पडला तो चरायची जागा बदलून. दादा आता सकाळी आधी वरकस, कोरड्या माळावर पोट अर्धं भरून घेतो आणि मग खाचराकडे आणतो, भुकेलं मेंढरू थेट ओहोळाच्या कडेला सोडत नाही. ज्या खाचरात पाणी मुरलेलं नाही, पायाखाली चिखल लागतो, तिथं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं तर नाही म्हणतो, जरी शेतकरी धान्य जास्त देत असला तरी. ते नाही म्हणणं सोपं नाही, शेतात मेंढरं बसवल्याचेच चार पैसे आणि दाणे मिळतात, त्यामुळे हा निर्णय घरात सगळ्यांनी मिळून घेतलेला असला पाहिजे, एकट्या मेंढक्यावर टाकू नका. पाणी ओढ्यात उतरून पाजण्यापेक्षा हातपंपावर टोपात काढून पाजलेलं बरं, निदान कोकरांना.

एक चांगली गोष्ट आपल्या बापजाद्यांच्या पद्धतीतच आहे. फिरता वाडा एका शेतात एक-दोन रात्री राहतो आणि पुढं जातो, अंड्याची अळी व्हायला चार-पाच दिवस तरी लागतात, तोवर आपण कुठल्या कुठे. त्यामुळे फिरतीत गोल जंतांचा धोका फार कमी असतो. धोका असतो तो गावी चार महिने एकाच माळावर असतो तेव्हा, आणि जिथं लंगडी, आजारी मेंढरं आणि कोकरं मागं एकाच जाळीत ठेवतो तिथं. ती जाळी दर तीन-चार दिवसांनी हलवा. पावसाळ्यात दव सुकल्यावर सोडा आणि गवत बुडापर्यंत खाऊ देऊ नका, अळ्या जास्त करून खालच्या दोन-तीन बोटांतच असतात. आम्ही गावात तिघा भावकीवाल्यांनी डोंगराचे भाग वाटून घेतले, एक भाग दीड-दोन महिने मोकळा ठेवायचा, तिथं फक्त बैल आणि म्हशी चरायच्या, हिमॉन्कस त्यांच्या पोटात मेंढरासारखा वाढत नाही. हे दर वर्षी पाळलं जातंच असं नाही, पाऊस कमी झाला की सगळे सगळीकडे चरतात.

बाजारातून नर किंवा नवीन मेंढरं आणलीत तर थेट कळपात घालू नका. दोन वेगळ्या गटांची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं एकाच वेळी द्या, दोन दिवस कोरड्या जागी बांधून चारा घाला, त्या लेंड्या जाळा किंवा लांब पुरा, आणि मग घरच्या नेहमीच्या रानात सोडा. नाहीतर दुसऱ्याच्या कळपातले औषधाला न मरणारे जंत तुम्ही पैसे देऊन विकत आणता.

मोरचूद पाण्यात कालवून पाजायचा जुना उपाय अजून काही वाड्यांवर चालतो, आमच्या आजोबांच्या काळी चालायचा. कृपा करून बंद करा. त्यात तांबं असतं, आणि मेंढरू तांब्याच्या बाबतीत फार नाजूक, ते काळजात साठत जातं आणि एके दिवशी मूत कॉफीसारखं लाल-काळं होऊन जनावर जातं. तंबाखूचं पाणी पण तसंच, मापाच्या बाहेर गेलं की विष.

आणि बकरी ईदच्या आधी ज्यांचा माल देवनारला येतो त्यांनी बाटलीवर मटणासाठी किती दिवस थांबायचं लिहिलंय ते वाचूनच औषध द्यावं. क्लोसँटेल आणि ट्रायक्लाबेंडाझोल अंगात बरेच दिवस राहतात. विकायच्या नरांना आम्ही वेगळी खूण करतो, म्हणजे गडबडीत चुकून पाजलं जात नाही.

ज्यांच्या वाड्यावर सध्या असं चालू आहे त्यांनी विचारताना एवढं लिहा: महिना कुठला, मेंढरं माळावर की ओल्यात, शेवटचं औषध कुठलं, मूळ नावासकट, किती मिलि, कधी, लेंडी घट्ट की पातळ, आणि मेलेलं उघडलं असेल तर चौथ्या पोटात आणि काळजात काय दिसलं. फोटो पाठवलात तर काळजाचा पाठवा, डोळ्याचा नको. आमचा वाडा आत्ता मुरबाडच्या अलीकडे आहे, या शनिवारी मी लेंड्या आणायला जाणार आहे, त्या बाजूला कुणाची मेंढरं असतील तर पिशव्या नंबर टाकून तयार ठेवा, कूलर बॅगमध्ये अजून वीसेक मावतात.